हार्ड डिस्कचे विभाजन

हार्ड डिस्कचे विभाजन म्हणजे संगणकातील एकाच भौतिक डिस्कची साठवणक्षमता परस्परांपासून स्वतंत्र अशा दोन किंवा अधिक भागांत वाटण्याची क्रिया होय. अशा प्रत्येक भागास विभाग किंवा पार्टिशन असे म्हणतात. विभागात फाइली ठेवण्यापूर्वी त्यावर फाइल प्रणाली उभारावी लागते. या क्रियेस फॉरमॅट करणे म्हणतात. विंडोज प्रणालीत दिसणारे सी, डी, ई हे 'ड्राइव्ह' पुष्कळदा स्वतंत्र डिस्क नसून एकाच डिस्कचे विभाग असतात. ए आणि बी ही अक्षरे पूर्वी फ्लॉपीसाठी राखलेली असल्यामुळे हार्ड डिस्कची अक्षरे सीपासून सुरू होतात.

विभाजनामुळे माहितीची मांडणी सुटसुटीत होते. मात्र विभाजन म्हणजे माहितीचे संरक्षण नव्हे. डिस्क नादुरुस्त झाल्यास तिच्यावरील सर्वच विभाग धोक्यात येतात.

इतिहास

इ.स. १९८३ मध्ये आयबीएम कंपनीने पीसी एक्सटी हा संगणक १० मेगाबाइटच्या हार्ड डिस्कसह बाजारात आणला. त्याच सुमारास आलेल्या डॉस २.० या संचालन प्रणालीत हार्ड डिस्कच्या विभाजनाची सोय होती. एकाच डिस्कवर एकाहून अधिक संचालन प्रणाली ठेवता याव्यात, हा तिचा एक हेतू होता.

पुढे डिस्कची क्षमता वाढत गेली आणि विभाजन ही निवड न राहता गरज बनली. त्या काळच्या डॉसमध्ये एक विभाग ३२ मेगाबाइटपेक्षा मोठा करता येत नसे. त्यामुळे इ.स. १९८७ मधील डॉस ३.३ मध्ये विस्तारित विभाग आणि त्यातील तार्किक ड्राइव्ह यांची सोय करण्यात आली. नंतर फॅट१६ या फाइल प्रणालीची मर्यादा २ गिगाबाइटपर्यंत वाढली. इ.स. १९९६ मध्ये विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीसोबत फॅट३२ आल्यावर ही अडचण बरीचशी दूर झाली.

विभाजन सारणी

डिस्कवर कोणता विभाग कोठे सुरू होतो आणि किती मोठा आहे, याची नोंद विभाजन सारणीत असते. तिचे दोन प्रकार प्रचलित आहेत.

एमबीआर: डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्ये ही सारणी असते. त्यातील ६४ बाइट सारणीसाठी राखलेले असून प्रत्येक नोंद १६ बाइटची असते. त्यामुळे केवळ चार प्राथमिक विभाग करता येतात. सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत लिहिला जात असल्याने, ५१२ बाइटचे सेक्टर धरल्यास, सुमारे २.२ टेराबाइटपलीकडील जागा या पद्धतीत वापरता येत नाही.

जीपीटी: ही यूईएफआय या मानकाचा भाग असलेली नवी पद्धत आहे. तिच्यात सेक्टरचा क्रमांक ६४ बिटांत लिहितात आणि सर्वसाधारणपणे १२८ विभागांसाठी जागा असते. सारणीची दुसरी प्रत डिस्कच्या अखेरीस ठेवलेली असते. सारणी बिघडली आहे की नाही, हे तपासण्यासाठी पडताळणी अंकही नोंदवलेला असतो. ३ टेराबाइट किंवा त्याहून मोठ्या डिस्कची पूर्ण क्षमता वापरण्यासाठी जीपीटीच निवडावी लागते.

फॉरमॅटिंगचे प्रकार

डिस्कच्या पृष्ठभागावर मार्ग आणि सेक्टर आखण्याच्या क्रियेस निम्नस्तरीय फॉरमॅटिंग म्हणतात. आधुनिक डिस्कच्या बाबतीत हे काम कारखान्यातच होते. वापरकर्ता जे करतो ते उच्चस्तरीय फॉरमॅटिंग होय. त्याचे दोन उपप्रकार आहेत.

जलद फॉरमॅटमध्ये केवळ फाइल प्रणालीची नवी रचना लिहिली जाते. ग्रंथालयातील सूचीपत्रे काढून टाकली तरी पुस्तके कपाटातच राहतात, त्याप्रमाणे जुन्या फाइलींतील मजकूर डिस्कवर शिल्लक असतो. नवी माहिती त्यावर लिहिली जाईपर्यंत तो विशेष साधनांनी परत मिळवता येऊ शकतो. पूर्ण फॉरमॅटमध्ये संपूर्ण विभाग तपासला जातो. विंडोज व्हिस्टापासून या प्रकारात सर्व सेक्टरांवर शून्येही लिहिली जातात, त्यामुळे त्यास बराच वेळ लागतो.

हा फरक व्यवहारात महत्त्वाचा ठरतो. फॉरमॅट चुकून झाला असल्यास डिस्कवर नवे काहीही न लिहिणे, हाच माहिती परत मिळण्याचा मार्ग असतो. याउलट जुना संगणक विकताना जलद फॉरमॅटवर विसंबून राहिल्यास खासगी कागदपत्रे व छायाचित्रे परक्याच्या हाती पडू शकतात. सॉलिड स्टेट ड्राइव्हमध्ये मात्र ट्रिम ही आज्ञा कार्यरत असल्यास काढलेली माहिती लवकर नष्ट होते आणि ती परत मिळण्याची शक्यता फार कमी असते.

फाइल प्रणालीची निवड

फॅट३२ बहुतेक सर्व उपकरणांना वाचता येते. परंतु तीत एक फाइल ४ गिगाबाइटपेक्षा लहान असावी लागते. इ.स. २००६ मध्ये आलेल्या एक्सफॅटमध्ये ही अडचण नसल्यामुळे ती पेन ड्राइव्ह आणि बाह्य डिस्कसाठी सोयीची ठरते. विंडोजच्या मुख्य विभागासाठी एनटीएफएस, लिनक्ससाठी एक्स्ट४ आणि अलीकडील मॅक संगणकांसाठी एपीएफएस या प्रणाली वापरतात.

देवनागरीतून फाइलींना नावे देणाऱ्यांसाठी एक फरक लक्षणीय आहे. एनटीएफएसमध्ये नावाची मर्यादा २५५ वर्णचिन्हांची आहे, तर एक्स्ट४ मध्ये ती २५५ बाइटची आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीतील प्रत्येक चिन्हास ३ बाइट लागतात. काना, मात्रा, वेलांटी व अनुस्वार ही स्वतंत्र चिन्हे म्हणून मोजली जातात. त्यामुळे एक्स्ट४ मध्ये मराठी नाव अधिकाधिक ८५ चिन्हांचे असू शकते.

फाइल प्रणाली जागेचे वाटप क्लस्टर या एककात करते. क्लस्टर ३२ किलोबाइटचा असल्यास १ किलोबाइटची फाइलही ३२ किलोबाइट जागा अडवते. लहान फाइली असंख्य असतील, तर लहान क्लस्टर निवडल्याने जागेची बचत होते. मोठ्या चित्रफितींसाठी मोठा क्लस्टर सोयीचा असतो.

उपयोग

संचालन प्रणाली एका विभागात आणि स्वतःच्या फाइली दुसऱ्या विभागात ठेवल्यास, प्रणाली बिघडल्यावर केवळ पहिला विभाग फॉरमॅट करून ती नव्याने बसवता येते. लिनक्समध्ये याच कारणासाठी होम निर्देशिका वेगळ्या विभागात ठेवण्याची पद्धत आहे. एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स या दोन्ही प्रणाली ठेवण्यासाठीही विभाजन करतात. तसेच एखादा विभाग नोंदींच्या फाइलींनी पूर्ण भरला, तरी इतर विभागांतील जागा सुरक्षित राहते.

वेगावरील परिणाम

फिरत्या हार्ड डिस्कमध्ये बाहेरील मार्गांवर आतील मार्गांपेक्षा अधिक सेक्टर असतात. त्यामुळे एका फेऱ्यात तेथून अधिक माहिती वाचली जाते. डिस्कच्या आरंभीचा विभाग सामान्यतः बाहेरच्या बाजूस असल्याने संचालन प्रणाली तेथे ठेवणे लाभदायक असते. मात्र एकाच डिस्कवरील दोन विभागांत एकाच वेळी काम चालल्यास वाचनशीर्षाला सतत मागेपुढे जावे लागते आणि वेग घटतो. एका विभागातल्या विभागात फाइल हलवताना केवळ तिची नोंद बदलते. दुसऱ्या विभागात हलवताना मात्र संपूर्ण फाइलची प्रत करावी लागते.

सॉलिड स्टेट ड्राइव्हमध्ये फिरते भाग नसल्यामुळे विभाजनाने वेग वाढत नाही. तेथे विभागाची सुरुवात योग्य जागी असणे महत्त्वाचे असते. जुन्या पद्धतीत पहिला विभाग ६३ क्रमांकाच्या सेक्टरपासून सुरू होई. ४,०९६ बाइटचे भौतिक सेक्टर असलेल्या डिस्कवर ही सुरुवात जुळत नाही आणि लेखन मंदावते. विंडोज व्हिस्टापासून विभाग १ मेबिबाइटच्या सीमेवर सुरू केला जातो, त्यामुळे ही अडचण उद्भवत नाही.

घ्यावयाची दक्षता

विंडोजमधील डिस्क मॅनेजमेंट, लिनक्समधील जीपार्टेड आणि मॅकमधील डिस्क युटिलिटी ही विभाजनाची परिचित साधने आहेत. त्यांचा वापर करण्यापूर्वी महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसऱ्या उपकरणावर घ्यावी. विभागाचा आकार बदलत असताना वीज गेल्यास फाइल प्रणाली बिघडू शकते; म्हणून लॅपटॉप चार्जरला जोडून ठेवावा. बदल लागू करण्यापूर्वी डिस्कचा क्रमांक व क्षमता पडताळून पाहावी. १ टेराबाइटची डिस्क विंडोजमध्ये सुमारे ९३१ गिगाबाइटची दिसते, कारण उत्पादक दशमान पद्धतीने मोजतात आणि विंडोज १,०२४ च्या पटीत मोजते. यूईएफआय संगणकावरील फॅट३२ स्वरूपाचा लहानसा प्रारंभ विभाग निरुपयोगी समजून काढून टाकल्यास संगणक सुरू होत नाही.

मर्यादा

विभागांचे आकार आधीच ठरवल्यामुळे एका विभागात जागा अपुरी आणि दुसऱ्यात रिकामी, अशी स्थिती अनेकदा येते. डिस्क मॅनेजमेंटमध्ये विभाग वाढवण्यासाठी त्याच्या लगत पुढे मोकळी जागा असावी लागते. सी विभागातील फाइलींची प्रत डी विभागात ठेवणे, ही प्रत राखण्याची पुरेशी पद्धत नव्हे. डिस्क बंद पडल्यास मूळ फाइल आणि प्रत दोन्ही एकाच वेळी जातात. म्हणून विभाजन कितीही नेटके असले, तरी एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवणे आवश्यक असते.