बीप वाजला म्हणजे अर्थिंग ठीक, असं नसतं

मामा रोज सिडकोतून शेंद्र्याला पहिल्या शिफ्टला जातात. यंदा पावसाळ्यात त्यांची जुनी गाडी त्रास द्यायला लागली. किल्ली फिरवली की नुसता 'टक्' आवाज, सेल्फ काही फिरत नाही. गॅरेजवाल्याने बॅटरी बदलायला सांगितली. बदलली. आठ दिवसांनी पुन्हा तेच! मग मामांचा फोन आला, "तू फिजिक्सवाली ना? आता सेल्फ बदलू, की अर्थिंगची जाड केबल टाकू?"

आधी अर्थिंग म्हणजे काय ते बघू. बॅटरीच्या प्लसकडून करंट वायरने जातो, पण परत येतो तो गाडीच्या लोखंडी बॉडीतून. त्यासाठी बॅटरीचा मायनस एका केबलने बॉडीला जोडलेला असतो. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं आणि रबरातून करंट जात नाही, म्हणून इंजिन ते बॉडी अशी दुसरी केबल लागते. सेल्फ मारताना या रस्त्याने साधारण 150 अँपिअर करंट परत येतो असं धरू.

मामांनी मल्टिमीटर लावून पाहिला होता. बीप वाजला, म्हणून त्यांनी अर्थिंग ठीक धरलं. गोम इथेच आहे. बीपच्या तपासणीत मीटर अगदी किंचित करंट सोडतो. केबलची एकच तार शाबूत असली तरी बीप वाजतो. आणि इथे घात करायला 0.01 ओहम पुरतो, जो साध्या मीटरला दिसतच नाही. ओहमचा नियम लावा: 150 × 0.01 = 1.5 व्होल्ट. तेवढे व्होल्ट सेल्फपर्यंत पोचतच नाहीत, आणि त्या एका सांध्यावर 225 वॅट उष्णता तयार होते.

म्हणून करंट वाहत असतानाच मोजायचं. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या मायनस खुंटीवर, दुसरं इंजिनच्या स्वच्छ धातूवर. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. दुसऱ्याला दोन-तीन सेकंद सेल्फ मारायला सांगा. आकडा 0.2 व्होल्टच्या आत हवा. मामांच्या गाडीत 1.7 आला! एकेक सांधा तपासला, तर त्यातले 1.5 एकाच ठिकाणी सापडले: केबलची लग जिथे बॉडीला बोल्टने बसते तिथे, गंजाखाली.

दोन धातू घट्ट आवळले तरी ते फक्त काही सूक्ष्म उंचवट्यांवर एकमेकांना टेकतात. स्वीडिश शास्त्रज्ञ रॅग्नार होल्म यांनी हे सविस्तर अभ्यासलं. गंज आला की हे टेकू आणखी कमी होतात.

मग जाड केबलचं काय? 16 चौरस मिमीच्या अर्धा मीटर तांब्याच्या केबलमध्ये 150 अँपिअरला सुमारे 0.08 व्होल्ट पडतात, 25 चौरस मिमीच्या केबलमध्ये 0.05. फायदा 0.03 व्होल्टचा. सांधा साफ केल्याने वाचले जवळजवळ दीड.

केबल तुटकी किंवा आतून हिरवी पडली असेल तर जरूर नवी करा. बारीक तारांची, शुद्ध तांब्याची घ्या. तार खरवडून आत पांढरी दिसली तर ते ॲल्युमिनियम. लग बोल्टच्या मापाची हवी आणि क्रिम्पिंग टूलने दाबलेली, हातोडीने ठोकलेली नको. वर हीट श्रिंक स्लीव्ह. इंजिन हलतं, म्हणून थोडी ढील ठेवा. बॉडीवरचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून चकचकीत धातू दिसू द्या, बोल्ट आवळा आणि मगच वरून ग्रीस लावा. काम करताना मायनस आधी काढायचा आणि शेवटी जोडायचा. नाहीतर प्लस सोडवताना पाना बॉडीला टेकला की थेट शॉर्ट. नव्या गाड्यांत मायनसवर सेन्सर असतो, तिथे जादा केबल थेट खुंटीला जोडू नका.

मामांच्या गाडीला शेवटी लागला एक पॉलिश पेपर आणि अर्धा तास. बॅटरीचे पैसे मात्र गेले ते गेलेच. तुमच्या गाडीत 'टक्' आवाज आला, तर खिशात हात घालण्याआधी हे दोन-तीन सेकंदांचं मोजमाप करून बघा.