बिनपगारी वस्ताद

ट्रायथलॉन हा शब्द पंचवीस वर्षांपूर्वी कोल्हापुरात कोणाला सांगितला असता, तर तो एखाद्या गोळीचे नाव वाटला असता. आता पेठांपेठांतून या शर्यतीची तयारी करणारी मंडळी भेटतात. आधी पोहायचे, लगेच सायकल चालवायची आणि सायकलवरून उतरून धावत सुटायचे, असा हा तिहेरी प्रकार. आजच्या स्वरूपातली पहिली शर्यत १९७४ साली अमेरिकेत सॅन डिएगो येथे झाली आणि २००० साली सिडनीत ती ऑलिंपिकमध्ये आली. तेथे दीड किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणे असते. गोव्यात मिरामारला २०१९ साली सुरू झालेली शर्यत याहून मोठी आहे. समुद्रात १.९ किलोमीटर, सायकलवर ९० आणि पायी २१. आपल्याकडच्या बहुतेकांचे डोळे याच शर्यतीवर असतात.

शर्यत पुरी करणाऱ्यांचे फोटो छापून येतात, चौकात फलक लागतात. ते योग्यच आहे. आज मात्र मला लिहायचे आहे ते काठावर शिट्टी घेऊन उभ्या राहणाऱ्या माणसांविषयी.

माझ्या दवाखान्यात येणाऱ्या हौशी मंडळींमुळे अशा एका क्लबच्या शिकवणाऱ्यांशी माझा परिचय झाला. चौघे आहेत. एक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. एक शाळेतल्या बाई, एक वकील आणि एक सायकल दुरुस्तीचे दुकान चालवणारा तरुण. कोणालाही मानधन नाही. पहाटे साडेपाचला तलावावर हजर व्हायचे, रविवारी सायकलवाल्यांच्या मागे स्कूटरवरून पन्हाळ्याचा चढ चढायचा, पेट्रोल पदरचे. तालमीतला वस्ताद फी घेत नसे, पठ्ठ्याच्या खुराकाची आणि झोपेची चौकशी मात्र रोज करत असे. हे चौघे त्याच जातकुळीतले.

फुकट शिकवणारा तो काय शिकवणार, असे काही जण बोलून दाखवतात. माझा अनुभव उलट आहे. चाळिशीच्या पुढच्या माणसाला 'आणखी जोर लाव' म्हणणारे पुष्कळ भेटतात. 'आज थांब' म्हणणारा सापडत नाही. ज्याचा धंदा शिकवणीच्या फीवर चालतो, त्याला गिऱ्हाईक थांबवणे जड जाते. या मंडळींना ती अडचण नाही.

एक उदाहरण सांगतो. बाजारपेठेतले एक व्यापारी, वय ५२, गोव्याच्या शर्यतीचे पैसे भरून तयारीला लागले होते. अण्णांपाशी एक वही असते. कोणी किती अंतर किती वेळात कापले, किती झोपला, हे ते रोज टिपून ठेवतात. त्या वहीत त्यांना दिसले की, या गृहस्थांना तेच अंतर धावायला तीन आठवडे सारखा जास्त वेळ लागतो आहे. विचारले तर म्हणाले, "ॲसिडिटी आहे अण्णा, धावताना छातीखाली जळजळतं. थांबलो की जातं." अण्णांनी त्याच दिवशी त्यांचा सराव बंद केला आणि डॉक्टरची चिठ्ठी आणल्याशिवाय पाण्यात उतरू देणार नाही, असे सांगितले. गृहस्थ चिडले. "पैसे भरलेत माझे! आणि तुम्ही काय डॉक्टर लागून गेलात का?" असेही बोलून झाले. पण आले.

श्रम केले की सुरू होणारी आणि थांबले की जाणारी जळजळ, मग ती छातीत असो, जबड्यात असो की पोटाच्या वरच्या भागात, ती ॲसिडिटी समजून सोडा घेऊन गप्प बसण्याची गोष्ट नव्हे. साधा कार्डिओग्राम त्यांचा ठीक होता. (विश्रांतीतला कार्डिओग्राम ठीक असल्याने हृदय निर्दोष ठरत नाही, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.) पट्ट्यावर चालवून काढलेल्या आलेखात दोष दिसला आणि अँजिओग्राफीत दोन रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या आढळल्या. स्टेंट बसवले. गोव्याला ते गेले नाहीत. हल्ली हृदयतज्ज्ञांच्या संमतीने तरण तलावात सावकाश पोहतात आणि अण्णांशी पुन्हा बोलूही लागले आहेत.

हे पाण्यात घडले असते तर? अमेरिकेत १९८५ ते २०१६ या काळात ट्रायथलॉनमध्ये झालेले मृत्यू आणि हृदय बंद पडण्याचे प्रसंग अभ्यासकांनी एकत्र केले, ते १३५ भरले. लाख स्पर्धकांमागे दोनाहूनही कमी, म्हणजे घाबरून जाण्यासारखे प्रमाण नव्हे. पण त्यांतले ९० प्रसंग पोहण्याच्या टप्प्यात घडले होते. बहुतेक पुरुष होते आणि सरासरी वय ४७च्या आसपास होते. धावताना धाप लागली तर माणूस रस्त्याकडेला बसू शकतो. पाण्यात बसायला जागा नसते. त्यात गर्दी, भीती, रोखून धरलेला श्वास आणि पहिल्याच मिनिटाला घेतलेला वेग!

आपल्याकडे नदीवर पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेले लोक 'मला पोहता येतं' असे छातीठोकपणे सांगतात. विहिरीत सूर मारणे निराळे आणि काठ दूर असताना वीस मिनिटे एका लयीत पोहणे निराळे. म्हणून शाळेतल्या बाई नव्या माणसाला आधी महिनाभर पाण्यावर नुसते उताणे तरंगायला आणि श्वास सोडायला शिकवतात. पोरे कंटाळतात, बाई दाद देत नाहीत. खुल्या पाण्यात प्रत्येकाच्या डोक्यावर भडक रंगाची टोपी, कमरेला दोरीने बांधलेला हवेचा फुगा आणि काठावर मोजदाद करणारा एक माणूस, याशिवाय कोणी उतरत नाही. पावसाळ्यात गढूळ पाण्यात, विशेषतः पायाला जखम असताना, उतरण्यास मनाई आहे. लेप्टोस्पायरोसिसच्या दृष्टीने ती अगदी योग्य आहे.

या मंडळींचे सगळेच मला पटते असे नाही. पूर्वी तेथे 'तहान लागो न लागो, पाणी पीत राहा' असे सांगत. तासन् तास घाम गाळून नुसते साधे पाणी भरमसाट प्यायल्यास रक्तातील सोडियम खाली जाते आणि माणूस भ्रमिष्ट होऊ शकतो. तहानेप्रमाणे प्यावे आणि लांब सरावात मीठ-साखर घातलेले पाणी जवळ ठेवावे. एक लिटर पाण्याला सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ पुरते. शर्यतीपूर्वी दुखणे दाबण्यासाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेण्याची सवय तर फारच वाईट. पाणी कमी पडलेल्या शरीरात या गोळ्या मूत्रपिंडांना घातक ठरतात.

गेल्या उन्हाळ्यात मी क्लबमध्ये दोन सकाळी हृदय-पुनरुज्जीवन शिकवले. छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० दाब, सुमारे पाच सेंटिमीटर खोल, ३० दाबांनंतर दोन श्वास. बुडालेल्या माणसाला सुरुवातीलाच श्वास द्यायचे आणि दुसऱ्याने त्याच क्षणी १०८ला फोन करायचा. सायकलवाला तरुण सर्वांत चांगला शिकला. त्याच्या मनगटात जोर आहे आणि लाजही नाही!

निव्वळ आरोग्यासाठी एवढे करायलाच हवे का, असे वाचक विचारतील. नाही. आठवड्याला दीडशे मिनिटे भरभर चालणे जागतिक आरोग्य संघटनेला पुरेसे वाटते, मलाही. ज्याला त्यापुढे जायचे आहे त्याने जरूर जावे, पण शिकवणारा वही ठेवतो का, काठावर माणूस उभा असतो का, दुखणे सांगितल्यावर तो ऐकून घेतो की थट्टेवारी नेतो, एवढे आधी पाहावे. आणि शिकवणाऱ्यांच्या पेट्रोलसाठी दरमहा थोडी वर्गणी काढायला हरकत नसावी. ते मागणार नाहीत.

सर्वांचे आकडे टिपणाऱ्या अण्णांनी स्वतःचा रक्तदाब किती वर्षांत मोजला नव्हता, ते त्यांनाही आठवेना. बाईंनी आता वहीत त्यांच्या नावाचे पान घातले आहे. पहिली नोंद १५६/९६ अशी झाली, आठवडाभराने घेतलेलीही त्याच घरातली. औषध सुरू केले आहे आणि लोणचे बंद. लोणच्यावरून अद्याप वाद चालू आहे.