दहा मिनिटांचा थांबा

आमच्या गावावरून पालखी जाते, त्यामुळे वाटेवरच्या माणसाला खाऊ घालण्यातली मेख मला ठाऊक आहे. पंगतीला बसलेल्याला वाढणं सोपं. पण पुढे निघालेल्याच्या हातात काही ठेवायचं असेल, तर ‘काय हवं?’ हेसुद्धा विचारायचं नसतं. एकाने विचार करायला घेतला की मागची रांग तुंबलीच. म्हणून अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात नॉर्थ प्लॅटला गेले, तेव्हा संग्रहालयातले युद्धकाळातल्या कॅन्टीनचे फोटो मी जरा वेगळ्या नजरेने पाहत होते. बाकीचे लोक सैनिकांचे चेहरे न्याहाळत होते, मी टेबलं.

गाव तेव्हा जेमतेम बारा हजार वस्तीचं, युनियन पॅसिफिक रेल्वेच्या मुख्य मार्गावरचं. वाफेच्या इंजिनात पाणी भरायला, वंगण घालायला गाडी इथे दहा-पंधरा मिनिटं थांबायची. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांनी खच्चून भरलेल्या गाड्याही तशाच थांबू लागल्या.

सुरुवातीची गोष्ट तिथे सगळे आवडीने सांगतात. १७ डिसेंबर १९४१, पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याला दहा दिवस झालेले. नेब्रास्काच्या ‘डी’ कंपनी या सैनिकी तुकडीतली आपली पोरं गाडीने जाणार अशी कुणकुण लागली आणि गाव खाऊ घेऊन स्टेशनवर लोटलं. आली ती कॅन्ससची ‘डी’ कंपनी. थोडी चुळबुळ झाली, मग आणलेलं सगळं त्या परक्या पोरांनाच देऊन टाकलं. औषधाच्या दुकानात काम करणारी रे विल्सन तिथे होती. जी कंपनी आलीच नाही, तिच्यात तिचा भाऊ होता. तिने लगेच गावच्या वर्तमानपत्राला पत्र लिहिलं: कॅन्टीन काढू या, मी बिनपगारी राबते. नाताळच्या दिवशी कॅन्टीन सुरू झालं.

गोष्ट गोड आहे, पण पहिल्या दिवशीचा उत्साह कुठेही सापडतो. हे काम १ एप्रिल १९४६ पर्यंत, म्हणजे सव्वाचार वर्षं चाललं. पहाटे पाचपासून शेवटची गाडी जाईपर्यंत, मग मध्यरात्र उलटली तरी. तिसऱ्या हिवाळ्यातल्या एखाद्या मंगळवारी, ना सण ना समारंभ, कोणी अंडी उकडायला उठलं असेल, त्याचं मला खरं कौतुक.

ते जमलं पाळीमुळे. आसपासच्या सुमारे सव्वाशे गावांनी दिवस वाटून घेतले होते. काही गावं तर शेजारच्या कोलोरॅडो राज्यातली. ज्या गावाची पाळी, त्याने त्या दिवसाचं खाणं करून आणायचं आणि वाटायचंही. पेट्रोल रेशनवर, म्हणून एकेका गाडीत दाटीवाटीने यायचं. बहुतेक बायका शेतकरी घरांतल्या. मळणीला येणाऱ्या गड्यांच्या टोळ्यांना जेवू घालायची सवय अंगात मुरलेली होती. रे विल्सन आजारी पडली, तेव्हा हेलन क्राइस्ट यांनी कारभार हातात घेतला आणि शेवटपर्यंत चालवला.

गाड्यांची वेळ गुप्त असायची. गाडी जवळ आली की रेल्वेकडून सांकेतिक निरोप यायचा: कॉफीचं आधण चढलंय. मग सँडविचं, उकडलेली अंडी, केकचे तुकडे टेबलांवर येत. पुढे कॉफी आणि दूध. ताटलीची, काट्याचमच्याची भानगड नाही. एका गाडीतून ३०० जण उतरले असं धरा. सेकंदाला एकाच्या हातात खाणं पडलं, तरी पाच मिनिटं तिथेच गेली. उरलेल्या वेळात धावत यायचं, गिळायचं, एखादं मासिक उचलायचं आणि शिट्टी झाली की धावत सुटायचं. तेवढ्यातही कोणीतरी पियानो वाजवायचं. ज्यांना उतरता येत नसे, त्यांच्यासाठी मुली टोपल्या घेऊन फलाटावर उभ्या असत. मक्याच्या लाह्यांच्या लाडवांत काही जणी आपलं नाव-पत्ता खुपसायच्या. त्यातून पत्रव्यवहार झाले, लग्नंही जमली.

विचारला जाणारा प्रश्न एकच: आज कोणाचा वाढदिवस? हो म्हणेल त्याला केक. खरंखोटं कोण तपासतंय! असे दिवसाला वीसेक केक जायचे. साखर रेशनवर असताना याचा अर्थ काय होतो, ते आपल्याकडे रेशनच्या रांगेत उभं राहिलेल्यांना सांगायला नको. घरातल्या चहा-कॉफीतली साखर मागे ठेवून तो केक व्हायचा. तिथला लाडका एंजल फूड केक तर डझनभर अंड्यांचा नुसता पांढरा भाग खातो. मांसही पुढे रेशनवर गेलं. पण माळरानावर फेझंट भरपूर होते, रानकोंबडीच्या जातीचा हा पक्षी. शिकार करून आणायची आणि सँडविचमध्ये घालायची. त्या सँडविचचं नाव सैनिकांमध्ये दूरवर पोचलं होतं.

सरकारी अनुदान नव्हतं. भंगार विकून, नाच-गाण्याचे कार्यक्रम करून, लिलाव करून पैसे उभे राहिले. एक मुलगा जनावरांच्या बाजारात अंगातला शर्ट लिलावात काढायचा. शर्ट परत मिळाला की पुढच्या बाजारात पुन्हा तेच! राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचा चेकही आला होता, पाच डॉलरचा. एवढ्या मोठ्या माणसाचा एवढासा चेक, हे वाचून मला हसू आलं.

दिवसाला तीन ते पाच हजार सैनिक, एकूण सुमारे साठ लाख. राबणारे हात ५५ हजारांच्या घरात. जिथे हे घडलं ते स्टेशन १९७३ मध्ये पाडलं गेलं. रेल्वेला नको असलेली इमारत एवढाच त्या वेळी हिशेब झाला असावा. मला तो पटत नाही. मालगाड्या आजही त्या मार्गावर अखंड धावतात.

जून २०१८ मध्ये आर्कान्सा नॅशनल गार्डचे सुमारे ७०० सैनिक बसगाड्यांतून या गावावरून जाणार होते. गावाने पुन्हा कॅन्टीन मांडलं, दोन दिवस. या वेळी किती जण येणार आणि कधी येणार, हे आधीच माहीत होतं. १९४३ च्या बायकांनी ते ऐकलं असतं, तर म्हणाल्या असत्या, मग त्यात अवघड काय?