मायनरला अर्थशास्त्र घेताय? आधी हे समजून घ्या

बारावीचा निकाल लागला की वाशी, नेरूळ, पनवेलच्या कॉलेजांत प्रवेशाची गर्दी उसळते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण लागू झाल्यापासून मेजर म्हणजे मुख्य विषयाच्या जोडीने मायनरही ठरवावा लागतो. अनेक मुलं हा दुसरा विषय मित्राने काय घेतलं ते पाहून घेतात. अर्थशास्त्राचं नाव निघालं की ऐकीव माहितीचाच भरणा जास्त असतो.

सर्वांत मोठा घोळ होतो तो मायनर आणि ओपन इलेक्टिव्ह (ओई) यांत. ‘ओईला एक अर्थशास्त्राचा पेपर घेतला, म्हणजे झाला मायनर,’ असं सर्रास बोललं जातं. ते चूक आहे. राज्य शासनाच्या 20 एप्रिल 2023 च्या शासन निर्णयातील आराखड्यात ओपन इलेक्टिव्हसाठी 10 ते 12 क्रेडिट आहेत आणि ते मेजरच्या विद्याशाखेबाहेरचेच घ्यायचे आहेत. मायनरसाठी 18 ते 20 क्रेडिट आहेत. तो विषय आपल्याच विद्याशाखेतला असला तरी चालतो, दुसऱ्या शाखेतला असला तरी चालतो, आणि त्याचे सगळे क्रेडिट पहिल्या तीन वर्षांत पुरे करायचे असतात. थिअरीच्या एका क्रेडिटला किमान 15 तास शिकवणं अपेक्षित आहे. म्हणजे 18 क्रेडिटचा मायनर घेणारा विद्यार्थी किमान 270 तास त्या एका विषयाच्या वर्गात बसतो. ही काही चव घेऊन सोडून देण्याची गोष्ट नव्हे. पहिल्या पेपरवर दुसरा उभा राहतो. मागणी, पुरवठा, लवचिकता हे सूक्ष्म अर्थशास्त्रात पक्कं झालेलं नसेल, तर पुढे सार्वजनिक वित्त किंवा आंतरराष्ट्रीय व्यापार वाचताना पावलोपावली अडखळायला होतं.

‘बारावीला कॉमर्स नव्हतं, गणितही सोडलंय, मग जमेल का?’ ही भीती पालकांनाही असते. तिचं मूळ बहुधा दिल्लीत आहे. दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्राच्या ऑनर्स पदवीसाठी सीयूईटी या प्रवेश परीक्षेत गणिताचा पेपर द्यावाच लागतो, आणि तोच नियम सगळीकडे असेल असं धरून चालतात. आपल्याकडे आर्ट्सच्या मुलांनी अर्थशास्त्र शिकण्याची परंपरा जुनी आहे. मायनरच्या पातळीवर आलेख वाचता येणं, टक्केवारी आणि निर्देशांक समजणं, सरासरी काढता येणं एवढी तयारी असली की सुरुवात होते. पुढे एमए करायचं मनात असेल तर मात्र संख्याशास्त्र आणि थोडं कलनशास्त्र आत्तापासून शिकायला घ्या. तिथे गणिताला पर्याय नाही, आणि हे मुलांना आधीच सांगायला हवं.

‘अर्थशास्त्र म्हणजे शेअर बाजार’ हा समज नवी मुंबईत राहणाऱ्याने तरी बाळगू नये. हे शहरच अर्थशास्त्राच्या एका मोठ्या प्रश्नावर उभं आहे. 1970 साली हे शहर वसवणारी सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण परिसरातल्या गावांची शेतजमीन आणि मिठागरं संपादित करायची, विकसित करायची, भूखंड विकायचे आणि त्याच पैशातून रस्ते, पाणी, स्थानकं उभारायची, असा तिचा मार्ग. मग जमिनीची वाढलेली किंमत कोणाची? ज्याची जमीन गेली त्याची, सिडकोची की भूखंड घेणाऱ्याची? हाच प्रश्न घेऊन दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आगरी-कोळी शेतकरी उभे राहिले. 1984 साली जासईच्या आंदोलनात पाच जणांनी प्राण गमावले. त्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं तत्त्व पुढे आलं. खंड, मोबदला, सार्वजनिक वस्तू, बाह्य परिणाम हे पाठ्यपुस्तकातले शब्द इथल्या घराघरांत सातबाऱ्यासोबत जगले गेले आहेत. वाशीच्या एपीएमसी बाजारात कांद्याचा भाव कसा ठरतो, न्हावाशेवा बंदरामुळे उरणमध्ये कोणते रोजगार आले आणि कोणते गेले, हे सगळं अर्थशास्त्रच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं, आणि 1918 साली भारतातल्या शेतजमिनीच्या लहान तुकड्यांवर निबंध लिहिला. राज्यशास्त्र, इतिहास, भूगोल किंवा पर्यावरण मेजर असलेल्या इथल्या मुलांना हा मायनर फार जवळचा वाटेल, असं मला मनापासून वाटतं.

‘मायनरवर पुढे एमए होत नाही’ हेही खरं नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2024 च्या पदव्युत्तर आराखड्यानुसार मेजर किंवा मायनर, दोन्हींपैकी कोणत्याही विषयात पदव्युत्तर प्रवेशाची पात्रता मिळू शकते. निवड विद्यापीठ गुणांवर किंवा प्रवेश परीक्षेवर करतं. उलट टोकाचा समजही पुसून टाकू या: मायनर घेतल्याने तुमची पदवी अर्थशास्त्राची होत नाही, ती मेजरच्याच नावाने मिळते. भारतीय आर्थिक सेवेच्या परीक्षेला अर्थशास्त्राची किंवा त्याच्या निकटच्या विषयाची पदव्युत्तर पदवी लागते. तिथे नुसता मायनर पुरत नाही.

आता राहिला ‘कुठल्याही कॉलेजात काहीही मिळतं’ हा भ्रम. धोरणाने दार उघडलं, पण आत शिक्षक आणि वर्ग असावे लागतात. कॉलेज ज्या विषयांची यादी देतं त्यातूनच मायनर निवडायचा. वाशीचं कर्मवीर भाऊराव पाटील कॉलेज आणि नवीन पनवेलचं चांगू काना ठाकूर कॉलेज स्वायत्त आहेत. अशी कॉलेजं मुंबई विद्यापीठाशी संलग्न असूनही आपला अभ्यासक्रम स्वतः आखतात. त्यामुळे शेजारच्या कॉलेजातल्या मैत्रिणीचे पेपर तुमच्याकडे असतीलच असं नाही. ऑनलाइन शिक्षणाच्या स्वयम् पोर्टलवरून एका सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम घेण्याची मुभा आयोगाच्या 2021 च्या नियमांत आहे, पण त्याला आपल्या संस्थेची मान्यता आधी घ्यावी लागते.

तेव्हा अर्ज भरण्याआधी कॉलेजात जाऊन अर्थशास्त्र विभागाला तीन गोष्टी विचारा: मायनरचे पेपर सत्रवार कोणते, ते शिकवायला पूर्णवेळ शिक्षक आहेत का, आणि मेजरच्या तासांशी वेळापत्रक जुळतं का. उत्तरं लेखी मागा.