मळीतलं इंधन आणि उसाचा वाटा

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा प्रायोगिक प्रकल्प २००१ साली देशात तीन ठिकाणी झाला. उत्तर प्रदेशात बरेली आणि महाराष्ट्रात मनमाड व मिरज. मिरज कोल्हापूरपासून पन्नासेक किलोमीटर. जानेवारी २००३ मध्ये नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रणाचा कार्यक्रम सुरू झाला आणि नंतर जवळजवळ दहा वर्षं रखडला. २०१३-१४ मध्ये मिश्रण जेमतेम दीड टक्का होतं. डिसेंबर २०१४ मध्ये सरकारने इथेनॉलचा खरेदीदर ठरवून द्यायला सुरुवात केली, २०१८ च्या जैवइंधन धोरणाने बी-हेवी मळी आणि उसाच्या रसालाही परवानगी दिली. पुढचा वेग सगळ्यांनी पाहिला: जून २०२२ मध्ये दहा टक्के, २०२५ मध्ये वीस. गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चं तेल बाहेरून आणणाऱ्या देशासाठी ही मोठी गोष्ट आहे.

आकड्यांमागचा ऊस मात्र नीट पाहायला हवा. रस आटवून साखरेचे दाणे वेगळे केले की मळी उरते. पुन्हा पुन्हा उकळून साखर निघेनाशी झाली की उरते ती सी-हेवी. तिच्या एका टनातून साधारण २२५ लिटर इथेनॉल निघतं. एक टप्पा आधी थांबलं तर बी-हेवी, टनाला ३०० लिटर. तो जादा अल्कोहोल म्हणजे पोत्यात न भरलेली साखर. कोल्हापूरचा उतारा, म्हणजे उसातून मिळणाऱ्या साखरेचं प्रमाण, बारा टक्क्यांच्या घरात जातो, म्हणून इथे हा निर्णय जड असतो. साखर वळवली की उतारा घटतो आणि एफआरपी, म्हणजे उसाला द्यावाच लागणारा किमान दर, तर उताऱ्यावरच ठरते. ही घट हिशेबात धरली नाही, तर तिचा भार थेट शेतकऱ्याच्या बिलावर पडतो.

या सगळ्या व्यवस्थेचा ठिसूळपणा २०२३ च्या हंगामात उघडा पडला. २३ नोव्हेंबरला शेतकरी नेते राजू शेट्टी यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी शिरोली पुलाजवळ पुणे-बंगळूर महामार्ग रोखला. मागणी होती मागच्या हंगामातल्या उसाला टनाला ४०० रुपये जादा देण्याची. तडजोड झाली ती तीन हजारांच्या आत दर दिलेल्या कारखान्यांनी १०० आणि त्यावर दिलेल्यांनी ५० रुपये देण्यावर. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, ७ डिसेंबरला, केंद्राने रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी आणली. साखर कमी पडेल आणि महागेल, ही भीती होती. आठवड्याभरात बंदी सैल करून सतरा लाख टन साखर वळवायची मुभा दिली गेली, पण इथेनॉलच्या भरवशावर कर्ज काढून डिस्टिलरी वाढवलेल्यांचं गणित विस्कटलं ते विस्कटलंच. पूर्ण मोकळीक मिळाली ऑगस्ट २०२४ मध्ये.

दरांचंही तसंच. साखरेचा किमान विक्रीदर फेब्रुवारी २०१९ पासून किलोला ३१ रुपयांवर अडकला, तर एफआरपी टनाला २,७५० वरून २०२५-२६ साठी ३,५५० वर गेली. बी-हेवीच्या इथेनॉलला लिटरमागे ६०.७३ आणि रसाच्या इथेनॉलला ६५.६१ रुपये हे २०२२ चे दर २०२४-२५ मध्येही तेच राहिले. मक्याच्या इथेनॉलला मात्र ७१.८६. आणि २०२५-२६ साठी तेल कंपन्यांनी वाटलेल्या सुमारे १,०४८ कोटी लिटरपैकी उसाच्या वाट्याला आले २८९ कोटी लिटर, जेमतेम २८ टक्के.

माझा खरा आक्षेप पुढचा आहे. आपल्याकडे दर ठरतो तो कच्च्या मालावर. इथेनॉल किती स्वच्छ रीतीने बनलं, याला त्यात किंमत नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार उसापासूनच्या एका लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं. ठिबकवरच्या उसाचं इथेनॉल आणि पाटपाण्याने जमीन क्षारपड करणाऱ्या उसाचं इथेनॉल एकाच दराने जातं. शिरोळ तालुक्यात श्री दत्त साखर कारखान्याच्या पुढाकाराने जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून क्षारपड रानं पुन्हा पिकाखाली आणली गेली. त्या कष्टाचा एक पैसाही लिटरच्या दरात उमटत नाही. स्पेंटवॉशचं, म्हणजे डिस्टिलरीच्या सांडपाण्याचंही तेच. एक लिटर अल्कोहोलमागे आठ ते पंधरा लिटर काळं, दुर्गंधीचं पाणी उरतं. ते आटवून बॉयलरमध्ये जाळायचा खर्च सोसणारा आणि कसंबसं निभावणारा, दोघांना तोच भाव. पंचगंगेच्या प्रदूषणात शहरांचं सांडपाणी, इचलकरंजीचे प्रोसेस उद्योग आणि साखर कारखानदारी असे सगळेच वाटेकरी आहेत. त्या नदीकाठी राहणाऱ्यांना हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही.

स्वच्छतेला किंमत देता येते, हे ब्राझीलमध्ये दिसतं. त्या देशाने १९७३ च्या तेलसंकटानंतर, १९७५ मध्ये, अल्कोहोल कार्यक्रम हाती घेतला. तिथे २०१७ च्या कायद्याने ‘सीबायो’ नावाची कार्बन पत आली. एक सीबायो म्हणजे टळलेला एक टन कार्बन डायऑक्साइड. डिझेल, खत आणि वीज कमी वापरून इथेनॉल काढणाऱ्या कारखान्याला तेवढ्याच लिटरमागे जास्त पत मिळते आणि इंधन वितरकांना ती विकत घ्यावीच लागते. अमेरिकेतही जैवइंधनाच्या प्रत्येक गॅलनला क्रमांक मिळतो आणि तेलशुद्धीकरण कंपन्या आपला कोटा भरायला ते क्रमांक खरेदी करतात. भारताने जून २०२३ मध्ये कार्बन पत व्यापाराची योजना जाहीर केली आहे. इथेनॉलची पत आज ना उद्या येईल, असं मला वाटतं. मग ती कोणाच्या खात्यावर जमा होणार, हे आताच ठरायला हवं.

कारण उपपदार्थांच्या बाबतीत शेतकऱ्याचा अनुभव चांगला नाही. रंगराजन समितीने २०१२ मध्ये साखर आणि उपपदार्थांच्या उत्पन्नाचा ७० टक्के वाटा उसाला द्यावा असं सुचवलं, महाराष्ट्राने २०१३ मध्ये तसा कायदाही केला. पण समितीच्या यादीत उपपदार्थ म्हणजे बगॅस, मळी आणि प्रेसमड. मळीचं पुढे इथेनॉल झालं की वाढलेली किंमत त्या यादीबाहेर राहते. शेतकऱ्यांच्या जयसिंगपूरच्या ऊस परिषदेतून इथेनॉलमधला वाटा मागितला जातो तो यासाठी, आणि ती मागणी मला रास्त वाटते. डिस्टिलरीचं भांडवल आणि जोखीम कारखान्याची, हे कबूल. म्हणून वाटा कमी-जास्त ठरवता येईल, शून्य ठरवता येणार नाही. ब्राझीलने डिसेंबर २०२४ मध्ये कायदा बदलून सीबायोच्या उत्पन्नातला किमान ६० टक्के वाटा स्वतंत्र ऊस उत्पादकांना देणं कारखान्यांवर बंधनकारक केलं.

आपल्याकडे अशी पत मोजणं आणि वाटणं अवघड नाही. ऊसनोंद आजही गट नंबर, जात आणि लागणीच्या तारखेनिशी होते. तिथेच ठिबक आहे की पाटपाणी, पाचट जाळलं की सरीत ठेवलं, एवढं लिहिलं तर कोणत्या रानातला ऊस किती स्वच्छ इंधन देतो याचा हिशेब गावातच उभा राहील. त्या हिशेबावरची पत आणि इथेनॉलचं उत्पन्न, दोन्ही २०१३ च्या कायद्यात नाव घेऊन लिहावीत.