प्लेटलेट, पातेलं आणि पुडी

ठाकूरद्वारच्या नाक्यावर सकाळी उपाशीपोटी बाहेर पडलेली माणसं दोन प्रकारची असतात. काही ‘विनय हेल्थ होम’च्या मिसळीकडे निघालेली, काही रक्त द्यायला लॅबकडे. पुष्कळदा ती एकच असतात, आधी लॅब आणि मग मिसळ. मंडळाचं आरोग्य शिबिर, ऑफिसचं पॅकेज, विम्याची अट, निमित्त काहीही असो. संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट येतो आणि एसजीपीटीच्या आकड्याशेजारी चांदणी दिसते. पुढचा आठवडा त्या चांदणीचा. तळण बंद, तूप बंद, केमिस्टकडून लिव्हर टॉनिकची बाटली, वर कुणाच्या तरी मावशीने सुचवलेला काढा. रिपोर्ट वाचायचा तेवढा राहून जातो.

एसजीपीटी आणि एसजीओटी ही यकृताच्या पेशींच्या आत असणारी एन्झाइम्स. पेशींना इजा झाली की ती रक्तात जास्त उतरतात. यकृत काम किती करतंय, हे त्यावरून कळत नाही. गिरगावातल्या जुन्या चाळीत छताला ओल आली की वर कुठेतरी पाणी झिरपतंय एवढं समजतं. मोरीचा पाइप फुटलाय की गच्चीला भेग गेलीय, आणि मुख्य म्हणजे तुळई कुजलीय का, हे तो डाग सांगत नाही. एसजीपीटीची चांदणी हा तसा डाग आहे.

त्यात एसजीओटी स्नायूंमध्येही असतं. आदल्या दिवशी जिममध्ये वजनं उचलली किंवा मॅरेथॉन धावून आलात तर ते वाढलेलं दिसू शकतं. अल्कलाइन फॉस्फेटेज हाडांतूनही येतं. वाढत्या वयाच्या मुलांत ते मोठ्यांपेक्षा जास्त असतं आणि गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांतही चढतं. ते हाडांचं की यकृताचं, हे ठरवायला जीजीटी मदतीला येतं. बिलिरुबिन १.८, त्यातला ‘इनडायरेक्ट’ भाग जास्त आणि बाकी सारं ठीक, असा रिपोर्ट घेऊन घाबरलेली तरुण मुलं नेहमी भेटतात. त्यांच्यातल्या बहुतेकांना गिल्बर्ट सिंड्रोम असतो. हा जन्मजात स्वभाव, रोग नव्हे. उपास केला की त्यांचं बिलिरुबिन आणखी चढतं, म्हणून श्रावणात किंवा नवरात्रात डोळे किंचित पिवळे दिसतात. त्याला औषध लागत नाही. त्याच्या नावाने औषधं घेणारे मात्र पुष्कळ.

यकृताच्या कामाचा अंदाज द्यायचा तर अल्ब्युमिन, आयएनआर आणि बिलिरुबिन हे तिघे देतात, आणि तेही उशिरा. यकृताकडे राखीव क्षमता मोठी असते ना. आणि सिरॉसिस, म्हणजे व्रणांनी यकृत कडक होणं, होऊन बसला तरी एसजीपीटी अगदी नॉर्मल असू शकतं. म्हणजे चांदणी आहे म्हणून आभाळ कोसळत नाही, आणि चांदणी नाही म्हणून निश्चिंत होता येत नाही.

मग बघायचं काय? एक साधा हिशेब आहे, फिब-४ नावाचा. त्याला वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट एवढंच लागतं. वय आणि एसजीओटीचा गुणाकार करायचा. प्लेटलेटची हजारांतली संख्या आणि एसजीपीटीचं वर्गमूळ यांच्या गुणाकाराने त्याला भागायचं. समजा, ५२ वर्षांचे एक गृहस्थ आहेत. एसजीओटी ४०, एसजीपीटी ४९, प्लेटलेट २ लाख ४० हजार. उत्तर येतं १.२४. उत्तर १.३ च्या खाली असलं की यकृतात गंभीर व्रण असण्याची शक्यता कमी. आता बाकी सगळं तेच ठेवून प्लेटलेट १ लाख ६० हजार करा. उत्तर १.८६. हा माणूस सीमारेषा ओलांडून गेला, पुढची तपासणी हवी. गंमत अशी, की १ लाख ६० हजार प्लेटलेटला लॅब चांदणी लावत नाही, कारण तिच्या लेखी दीड लाखाच्या वर सगळं ठीक. एसजीपीटीवर रात्रभर चर्चा झाली, आणि ज्या आकड्याने खरा फरक पडला तो सीबीसीच्या वेगळ्या पानावर गुपचूप बसलेला होता.

प्लेटलेटचा इथे काय संबंध? यकृतात व्रण वाढले की त्यातून रक्त वाहायला अडचण होते, मागे दाब वाढतो, प्लीहा फुगते आणि प्लेटलेट अडवून ठेवते. पस्तिशीच्या आत हा हिशेब फारसा भरवशाचा नाही. पासष्टीनंतर सीमारेषा १.३ ऐवजी २ धरतात. आणि २.६७ च्या वर उत्तर आलं तर थेट यकृततज्ज्ञ गाठायचा. मधल्या पट्ट्यातल्यांसाठी फायब्रोस्कॅन, यकृत किती कडक झालंय ते बाहेरून मोजणारी वेदनारहित तपासणी. सोनोग्राफीतल्या ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’ने हे काम होत नाही. ती ग्रेड चरबीची असते, व्रणांची नाही. ग्रेड टू वाचून खचलेली आणि ग्रेड वन वाचून निर्धास्त झालेली, अशी दोन्ही माणसं चुकीच्या गोष्टीवर प्रतिक्रिया देत असतात.

फॅटी लिव्हर हे आज चांदणीचं सर्वांत नेहमीचं कारण. २०२३ साली जगभरच्या तज्ज्ञांनी त्याचं इंग्रजी नावही बदललं आणि चयापचयाच्या बिघाडाशी ते जोडलं, कारण मधुमेह, रक्तदाब, सुटलेलं पोट आणि हे यकृत एकाच घरची भावंडं आहेत. आपल्याकडे सडपातळ माणसालाही ते होतं. वजनकाट्यापेक्षा टेप जास्त खरं बोलते: कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० च्या पुढे गेला की सावध. चाळीचे तीन जिने दिवसातून चारदा चढणारी पिढी टॉवरमध्ये गेली आणि लिफ्ट आली, याचा दोष मी एकट्या लिफ्टला देणार नाही. पण एकट्या तुपालाही देणार नाही. यकृतातल्या चरबीचा काही भाग तिथेच बनतो, साखर आणि मैद्यापासून. तूप सोडून डब्यातला फळांचा रस पिणाऱ्याने काय मिळवलं?

वजन ५ टक्के घटलं की चरबी उतरते, ७ ते १० टक्के घटलं की सूजही कमी होते. ऐंशी किलोच्या माणसाला सहा ते आठ किलो. चर्नी रोडचा पूल ओलांडला की मरीन ड्राइव्ह आहे. तिथे रोज पाऊण तास भरभर चालणं ही टॉनिकच्या बाटलीपेक्षा चांगली गुंतवणूक. बिनसाखरेची कॉफी यकृताला मानवते असं अनेक अभ्यासांत दिसलंय, हे चहावाल्या गिरगावकरांना रुचणार नाही. आणि कोलेस्टेरॉलची गोळी एसजीपीटी जरा वाढलं म्हणून मनाने बंद करू नका. फॅटी लिव्हर असलेल्यांना ती सहसा चालते, आणि त्यांना मोठा धोका हृदयाचाच असतो.

पण प्रत्येक आजारी यकृत फॅटी नसतं. तिथे रिपोर्ट संपतो आणि चौकशी सुरू होते. याचं महाराष्ट्रातलं सर्वांत मोठं उदाहरण पुण्याचं आहे.

साधारण एक ते तीन वर्षांची मुलं. पोट फुगलेलं, यकृत दगडासारखं, मग कावीळ, आणि काही महिन्यांत मृत्यू. एका घरात एक मूल गेलं की पुढचंही जाण्याची धास्ती. भारतीय बालकांचा सिरॉसिस म्हणून हा रोग वैद्यकाच्या पुस्तकांत आपल्या देशाच्या नावाने नोंदला गेला. तो गरिबांपेक्षा खात्यापित्या मध्यमवर्गात जास्त दिसे, म्हणून कोडं आणखी अवघड. या मुलांच्या यकृतात तांबं प्रचंड साठलेलं आढळलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ स्टुअर्ट टॅनर यांच्यासह प्रश्न विचारला तो स्वयंपाकघराला: बाळाचं दूध कशात तापवता, कशात ठेवता? १९८३ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचं उत्तर आलं. आजारी मुलांना अगदी लहानपणी वरचं दूध सुरू झालेलं होतं आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलं, साठवलं जात होतं. कल्हई उडालेल्या पातेल्यातलं तांबं दुधात उतरतं आणि दुधातल्या प्रथिनाला चिकटून थेट बाळाच्या पोटात जातं. मोठ्या माणसाचं यकृत जादा तांबं पित्तावाटे बाहेर टाकतं, तान्ह्याला ते पुरेसं जमत नाही.

पितळेत दूध तापवणाऱ्या प्रत्येक घरात मूल आजारी पडत नव्हतं, त्यामुळे काही उपजत दुबळेपणाही असावा असं संशोधकांनी मानलं. पण भांडी बदलली, स्टील आलं, लवकर सापडलेल्या मुलांना तांबं बाहेर काढणाऱ्या पेनिसिलामाइनने वाचवता येऊ लागलं, आणि पुढच्या काही वर्षांत हा रोग जवळजवळ नाहीसा झाला. ऑस्ट्रियाच्या टायरॉल भागातही असाच बालरोग होता. १९०० ते १९७४ या काळातली १३८ मुलं नोंदवली गेली, आणि कारण निघालं तांब्याच्या भांड्यात उकळलेलं साखरेचं दूध.

भुलेश्वरच्या भांड्यांच्या दुकानांत तांब्याच्या बाटल्यांना आता पुन्हा मागणी आहे. निरोगी मोठ्या माणसाने त्यातलं साधं पाणी प्यायला हरकत नाही. लिंबूपाणी, ताक आणि बाळाचं दूध त्यात नको. आणि विल्सन नावाचा आनुवंशिक आजार असलेल्यांनी त्याच्या वाटेलाच जाऊ नये. त्यांच्या शरीराला तांबं नीट बाहेर टाकता येत नाही. तरुण मुलाचं यकृत कारण न सापडता बिघडलं तर डॉक्टर सेरुलोप्लाझ्मिन हे तांबं वाहणारं प्रथिन तपासतात ते यासाठी.

पातेल्यानंतर पुडी. कोविडच्या पहिल्या वर्षी गुळवेलीचा काढा घरोघरी शिजत होता. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये मुंबईत यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आढळले. काविळीचं नेहमीचं कारण सापडेना, आणि सहाही जणांनी गुळवेल घेतलेली. डॉ. आभा नगराळ आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये हे प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष दिशाभूल करणारा म्हटला. नंतर देशातल्या अनेक केंद्रांतून असेच रुग्ण नोंदले गेले आणि त्यांच्यात मधुमेही, थायरॉइडचे किंवा स्वतःच्याच पेशींवर प्रतिकारशक्ती उलटण्याची प्रवृत्ती असलेले बरेच होते. मला या वादात बाजू घेताना संकोच वाटत नाही: जे शरीरात जाऊन काही करतं, ते इजाही करू शकतं, मग ते झाडाचं असो वा कारखान्याचं. टीबीची औषधं कारखान्यातलीच, आणि मुंबईत त्यांनी होणारी यकृताची इजा डॉक्टरांच्या नित्य परिचयाची. फरक इतकाच की टीबीची औषधं घेणाऱ्याला भूक गेली, उलट्या झाल्या, लघवी गडद झाली तर ताबडतोब ये असं सांगितलेलं असतं. काढा देणारी मावशी हे सांगत नाही. डॉक्टरांनी ‘आणखी काय घेता?’ विचारलं की ‘काही नाही’ हे उत्तर ठरलेलं, कारण पुडी आणि काढा आपल्या मोजदादीत औषध नसतातच.

तिसरा प्रश्न रक्ताचा. २६ जुलै १९८२ रोजी बंगळूरला ‘कुली’च्या चित्रीकरणात अमिताभ बच्चन जबर जखमी झाले. मुंबईत ब्रीच कँडी रुग्णालयात उपचार झाले, असंख्य दात्यांचं रक्त चढलं, आणि त्यातून हिपॅटायटिस बी आला. हे त्यांनीच जाहीरपणे सांगितलंय. कळलं ते बऱ्याच वर्षांनी, नेहमीच्या तपासणीत, तोवर यकृताचा सुमारे तीन चतुर्थांश भाग निकामी झालेला. इतक्या वर्षांत कसला त्रास नाही. म्हणून जुनं रक्त चढवणं, जुनी शस्त्रक्रिया, गोंदण, आईला असलेली लागण यांची आठवण काढायची आणि एकदा हिपॅटायटिस बीसाठी एचबीएसएजी आणि हिपॅटायटिस सीची तपासणी करून टाकायची. सी आता १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांत पूर्ण बरा होतो. बी गोळ्यांनी ताब्यात राहतो. त्या गोळ्या मनाने थांबवल्या तर तो उसळतो. २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात दोन्हींची औषधं सरकारी रुग्णालयांत मोफत मिळतात. बाळाला बीची लस जन्मल्यापासून २४ तासांत.

पाण्यातून येणारी कावीळ, हिपॅटायटिस ए आणि ई, बहुतेकांची आपोआप बरी होते, आणि हेच काविळीवर माळा घालणाऱ्यांचं भांडवल. माळेच्या सैल गाठी सुटत ती लांबते. त्यांनी हातावर चोळलेला आंब्याच्या झाडाच्या सालीचा अर्क चुन्याच्या निवळीत पिवळा होतो. कावीळ नसलेल्याचे हात धुतले तरी पिवळंच पाणी निघतं. हळद बंद करायची गरज नाही. रस्त्यावरचा उसाचा रस मात्र बर्फासकट टाळावा, कारण कावीळ तिथूनही येऊ शकते. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्याने ई ची मोठी साथ आली होती. गरोदर बाईला ई जीवघेणा ठरू शकतो, तिला घरी माळ घालून ठेवणं हा गुन्हा आहे.

दारूबद्दल लोक ‘किती चालते?’ विचारतात. यकृत एकदा बिघडलं असेल तर अजिबात नाही, बीअरही नाही. एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त दिसलं की डॉक्टर आधी दारूचीच चौकशी करतात, आणि बायको समोर असेल तर खरं उत्तर मिळत नाही. सिरॉसिस झाल्यावरही दारू सोडणाऱ्याचं आयुष्य वाढतं. सिरॉसिसवाल्याने दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची, कर्करोग लहान असताना सापडावा म्हणून, आणि अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांसाठी डॉक्टर सांगतील तेव्हा एंडोस्कोपी.

किंचित वाढलेलं एसजीपीटी महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तपासायला थांबू शकतं. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, पोटात पाणी होऊन ताप, किंवा कावीळ झालेला माणूस दिवसा झोपून रात्री जागा राहू लागला, असंबद्ध बोलू लागला, तर थांबायचं नाही. फॅमिली डॉक्टरचा दवाखाना संध्याकाळी उघडायची वाट न बघता टॅक्सी करून जेजे, नायर किंवा जवळचं मोठं रुग्णालय गाठायचं, आणि घरातल्या सगळ्या गोळ्या, बाटल्या, पुड्या एका पिशवीत घालून सोबत न्यायच्या.