उथळ पाण्याला हलके समजू नका!

चांगदेवला पूर्णा तापीला मिळते. त्याखाली भुसावळ तालुक्यात हतनूर धरण आहे. गाळाने त्याचा जलाशय उथळ होत चालला आहे. उन्हाळ्यात पाणी उतरले की होडीवाल्या बांधवांना वाटते, आता कसली भीती? इथेच घात होतो. उथळ पाण्यावर वाऱ्याने आखूड, उभ्या लाटा उठतात. लहान होडीत पाणी शिरते. होडी उलटली तर गाळात पाय रुतून पोहणाराही अडकतो.

म्हणून पहाटेच जाळे काढावे, दुपारच्या आत काठावर यावे. बांबूने तळ चाचपत जावे. वळवाचा काळा ढग चढून अंगाला एकदम गार वारा लागला, तर लगेच फिरावे. पावसाआधी वादळ गाठते. भगिनींनो, जाळे पुन्हा विणता येते. घरचा कर्ता पुन्हा मिळत नाही.